कोऱ्या नमुन्यातला सुळका

९ जानेवारी

ताई,

तू माझा नंबर ब्लॉक केलायस हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला. आधी वाटलं तुझा फोन बिघडलाय, मग वाटलं माझाच. शेवटी मैत्रिणीच्या फोनवरून लावला. तू लगेच उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. ठीक आहे. पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही.

त्या दिवशी जेवताना मी भाऊजींच्या मामांना सगळ्यांदेखत भोंदू म्हणाले. ते वयाने मोठे, त्यात तुझ्या सासरचे. भाऊजी भरल्या ताटावरून उठले आणि तू माझ्याकडे जे बघितलंस ते मी विसरलेले नाही. त्या शब्दाबद्दल मी माफी मागते. मुद्द्याबद्दल मागणार नाही.

आई दोन वर्षं गुडघ्यांनी आडवी होती. बाथरूमला जायचं तरी तुझा खांदा लागायचा. मामांनी पुडी दिली आणि आठवड्याच्या आत बाई जिना चढायला लागली! तू म्हणालीस, "गुण आला तर तुझ्या पोटात का दुखतं?" अगं, मुळं आणि साली इतक्या लवकर कुणाला उठवून चालवत नाहीत, म्हणून दुखतं. वर्ष झालं ती रोज सकाळी मधातून पुडी घेतेय. तिचा चेहरा बघ. कसा गोल गरगरीत झालाय. दंडावर नुसतं बोट लागलं तरी जांभळा डाग उठतो. मी विचारलं तर म्हणते, "सुख मानवलंय गं मला." मला ते सुख वाटत नाही. मला वाटतं त्या पुडीत कुणीतरी स्टेरॉइड मिसळलंय.

आता खरं सांगते. त्या दिवशी निघताना आईच्या उशाजवळच्या डब्यातून मी थोड्या पुड्या उचलल्या. चोरल्या म्हण.

आमच्या विद्यापीठात एक सामायिक उपकरण केंद्र आहे, तळघरात. सगळ्या विभागांत मिळून एकच मास स्पेक्ट्रोमीटर. तुला सोप्यात सांगायचं तर तो रेणूंचा तराजू आहे. पुडीतली प्रत्येक गोष्ट वेगळी करतो आणि तिचं वजन सांगतो. काहीही मिसळलेलं असो, त्याच्यापासून लपत नाही. पडद्यावर त्या त्या पदार्थाचा सुळका उभा राहतो. मामांच्या पुडीत नुसती मुळं असतील तर मुळं दिसतील. मग मी स्वतः येऊन त्यांच्या पाया पडेन.

पण त्या तराजूपर्यंत पोचणं म्हणजे दिव्य आहे. केंद्राच्या प्रमुख बाईंना आम्ही हेडबाई म्हणतो. आज त्यांच्याकडे गेले.

"कशाचा नमुना?"

"वनस्पतीचा अर्क."

"तुमचा विषय तर प्लास्टिक आहे ना?"

"हे बाजूचं काम आहे, मॅडम."

"मग ते बाजूलाच करा. इथे रांग आहे."

मग माझ्या मार्गदर्शक सरांची सही आणली. सरांनीही सही अशी केली, जणू मी त्यांची किडनी मागितली होती. "एकदाच. आणि माझं नाव कुठे येता कामा नये." ती घेऊन परत गेले तर हेडबाई म्हणाल्या, पुढचे तीन आठवडे स्लॉट भरलेत.

तोवर आईची पुडी चालूच राहणार. तुला फोन लागला असता तर बरं झालं असतं.

धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

आज माझा स्लॉट होता. म्हणजे असायचा होता.

अर्क करून, गाळून, बारीक बाटल्यांत भरून, मोठ्या उत्साहाने खाली गेले तर दारावर कागद चिकटवलेला: "यंत्र बंद आहे. कृपया विचारू नये." बाहेर आम्ही पाच-सहा जण, अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाईक उभे असतात ना, तसे. आतून पंपाचा घरघर आवाज नेहमी येतो, तो येत नव्हता.

कुणीतरी न गाळलेला नमुना घातला. सगळी नळी तुंबली, आणि ती मोकळी करायच्या गडबडीत निर्वात पंपाने मान टाकली. आता जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतोय. औषधशास्त्रवाले म्हणतात मातीवाल्यांनी केलं. मातीवाले म्हणतात दूधवाल्याने केलं. दूधवाला म्हणजे पशुवैद्यक विभागातला एक संशोधक. गुरांना दिलेल्या औषधांचे अंश दुधात उतरतात का ते बघतो, म्हणून त्याचं हे नाव. तो बिचारा शपथा घेत होता. मीही त्याला चार शब्द सुनावले. काही कारण नव्हतं. हाताशी सापडला, एवढंच.

हेडबाईंना विचारलं, "दुरुस्त कधी होईल?" त्यांनी दारावरच्या कागदाकडे बोट केलं.

कंपनीचा माणूस यायला वेळ लागणार. तो आला की म्हणणार सुटा भाग मागवावा लागेल. भाग आला की तो चुकीचा निघणार. हे सगळं याआधी झालेलं आहे.

परवा आईचा फोन आला होता. तुला न सांगता करते ती, तिच्यावर चिडू नकोस. म्हणाली, "अगं, मी एकटी बाजारात जाऊन आले! पिशवी घेऊन! वाटेत कुठे बसले नाही." मग म्हणाली, ताईला आता सकाळी कामावर जायची घाई असते, तेव्हा स्वयंपाकाला मीच उभी राहते. तिच्या आवाजात इतका आनंद होता की मी म्हटलं, "छान. जपून." बस्स. स्टेरॉइडचं एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नाही.

फोन ठेवल्यावर मला स्वतःचाच राग आला. तुझ्या घरात, भरल्या ताटावर मी वाघ होते. आईशी बोलताना शेपूट घातलं. आणि एक गोष्ट तुलाच सांगते. आज तो कागद बघितल्यावर राग यायच्या आधी क्षणभर मला बरं वाटलं. चला, अजून थोडे दिवस तिला चालू दे.

धाकटी


२३ फेब्रुवारी

ताई,

सापडलं.

यंत्र काल सुरू झालं. तुंबलेली रांग सोडवायला हेडबाईंनी प्रत्येकाचा वेळ निम्मा केला. माझ्या वाट्याला जेमतेम एक तास. आधीचा माणूस खुर्चीतून उठेना, त्यातली दहा मिनिटं तिथेच गेली. मी पुडीचा अर्क सोडला आणि पडद्यावर सुळका उभा राहिला. स्टेरॉइडचं जेवढं वजन असतं, अगदी तेवढ्यावर. शंकेला जागा नाही. मुळांचं-सालींचं काय ते खाली बारीक बारीक, आणि मधे हा सरळसोट डोंगर.

मी खुर्चीतच ओरडले. हेडबाईंनी काचेतून डोळे वटारले.

आता तरी ऐकशील? तुझे मामा आईला वर्षभर स्टेरॉइड चारतायत. गुडघे बरे झालेले नाहीत, नुसते गप्प केलेत. आतून हाडं पोकळ होतायत, साखर वाढत असणार, आणि तुम्ही सगळे म्हणताय की मानवलंय! मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते. तू मला घमेंडखोर म्हणालीस. भाऊजी म्हणाले, चार बुकं शिकली म्हणून आभाळाला हात लागले का? घ्या आता.

सोबत पडद्याचा छापील कागद पाठवतेय. मामांना दाखव, भाऊजींना दाखव, भिंतीवर लाव.

आणि ती पुडी आजच्या आज बंद कर. डबा उचल आणि कचऱ्यात टाक. एक दिवसही आता देऊ नकोस. हे पत्र साध्या टपालाने न पाठवता कुरियरने पाठवतेय, उद्या हातात पडेल.

धाकटी


२६ फेब्रुवारी

ताई,

आधी हे वाच आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. मागच्या पत्रातलं काही खरं धरू नकोस. खोटंही धरू नकोस. थांब. नीट सांगते.

आज सकाळी हेडबाईंनी बोलावलं. माझ्या तासाची सगळी नोंद त्यांच्या पडद्यावर उघडी होती.

"तुम्ही कोरा नमुना बघितला होता का?"

कोरा नमुना म्हणजे नुसता द्रावक, ज्यात काहीच नाही. आपला नमुना घालायच्या आधी तो घालतात. यंत्र स्वच्छ आहे ना, ते त्यावरून कळतं. यंत्र ते आपोआप करतं, आपण फक्त बघायचं असतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना हे शिकवतात. मीच शिकवते.

"घाईत होते, मॅडम."

त्यांनी कोऱ्या नमुन्याचा पडदा उघडला. तिथेही सुळका. त्याच जागी, त्याच वजनाचा. माझ्या सुळक्याहून ठेंगणा, पण चांगला हातभर.

"तुमच्या आधी कोण होतं?"

दूधवाला. त्याने त्या दिवशी नेमकं तेच स्टेरॉइड तपासलं होतं, गुरांना देतात ते. त्याचं उरलंसुरलं नळीत अडकून राहिलं आणि माझ्या नमुन्यात उतरलं. वेळ निम्मा केल्यामुळे मधे धुवायला कुणालाच वेळ मिळाला नव्हता. म्हणजे तो डोंगर आईच्या पुडीचा किती आणि दूधवाल्याचा किती, हे कुणीच सांगू शकत नाही. कदाचित सगळाच त्याचा असेल.

मी भांडले. म्हटलं, वेळ तुम्ही निम्मा केलात. त्या म्हणाल्या, "केला. धुणं मी कमी केलं, तो माझा दोष. पण कोरा नमुना डोळ्यांसमोर होता. तो बघायचा की नाही हे तुमच्या हातात होतं." मग चष्मा काढून म्हणाल्या, "तुम्हाला जे दिसायला हवं होतं ते दिसलं, आणि तुम्ही उठलात."

मला इतका राग आला की तिथे बसवेना. त्या बरोबर बोलत होत्या म्हणून जास्तच.

विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे गेले, आपलं सहज विचारतेय असं दाखवत. त्यांचा चेहरा एकदम बदलला. म्हणाल्या, "वर्षभर स्टेरॉइड चालू असेल तर ते कधीही एकाएकी बंद करायचं नसतं. शरीर स्वतःचं बनवायचं विसरलेलं असतं. माणूस कोसळतो."

मी तुला काय लिहिलं होतं? डबा उचल आणि कचऱ्यात टाक.

लगेच आईला फोन लावला. ती म्हणाली, "तुझ्या ताईने पुडी बंद केली. तुझं ऐकून. काल मामांशी भांडून आली, जावईबापू तिच्याशी बोलत नाहीत. माझे गुडघे पुन्हा धरले, रात्रभर मळमळतंय. झालं तुझ्या मनासारखं?" मी म्हणत राहिले, आई, ऐक, ताईला फोन दे, तुला दवाखान्यात न्यायला हवं. तिने फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही. मैत्रिणीच्या फोनवरून तुलाही लावून बघितला, तूही उचलला नाहीस. भाऊजींच्या दुकानात केला, तर नोकर म्हणाला, "शेठ तुमच्याशी बोलणार नाहीत म्हणालेत."

तर ताई, मुद्दा एवढाच. पुडीत स्टेरॉइड असेल तर ती अचानक बंद करणं धोक्याचं. नसेल तर आई माझ्यामुळे विनाकारण तळमळतेय. काय आहे ते मला माहीत नाही. पण दोन्हींपैकी काहीही असो, तिला डॉक्टरकडे ने आणि सांग की असा संशय आहे. मी खात्री केलेली नाही, हेही सांग. मला मूर्ख म्हण, पण ने. हे पत्रही कुरियरनेच पाठवतेय, आणि रोज आईला फोन करत राहणार आहे.

पुन्हा तपासायला स्लॉट मागितला. थेट दोन आठवड्यांनंतरचा मिळाला.

धाकटी


३ मार्च

ताई,

परवा तुझा नंबर पडद्यावर दिसला तेव्हा मला वाटलं आई गेली.

तू फक्त म्हणालीस, "आई पडली. दवाखान्यात आहोत. डॉक्टरांना काय ते सांग," आणि फोन त्यांच्या हातात दिलास. त्यानंतर आपण दिवसभरात चारदा बोललो, पण सगळं 'किती' आणि 'कधी' एवढंच. तू खाटेशेजारी आणि मी इथे. म्हणून बाकीचं लिहितेय.

डॉक्टर म्हणाले, दाब सापडत नाहीये, साखर तळाला गेलीय, उलट्या थांबत नाहीत. म्हणाले, "तुमच्या बहिणीने येताच सांगितलं की पुडीत स्टेरॉइड असल्याचा संशय आहे आणि ती नुकतीच बंद केलीय. ते सांगितलं नसतं तर आम्ही पोटाच्या मागे लागलो असतो." संशयावरच त्यांनी इंजेक्शन दिलं. म्हणजे तू ते सांगितलंस. माझ्यावर विश्वास ठेवून की माझ्यावर संतापून, कोण जाणे, पण सांगितलंस.

मग ते म्हणाले, "आता मला नक्की हवं. कोणतं आणि रोज किती. त्यावरून पुढचा उतरता डोस ठरेल. सापडेल का?"

मी तळघरात धावले. हेडबाईंना सगळं सांगितलं. पुडी आईची आहे, बाजूचं काम नव्हतं, मी खोटं बोलले होते. त्यांनी ऐकून घेतलं. "हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर?" एवढंच म्हणाल्या. मग यंत्राकडे बघून, "आत्ताचा स्लॉट दुसऱ्याचा आहे. मी तो काढून घेऊ शकत नाही. त्याला विचारा."

यंत्रासमोर दूधवाला बसला होता. ज्याला मी त्या दिवशी वाटेल ते बोलले, तोच. त्यालाही त्याची घाई होती, पुढच्या आठवड्यात त्याचा अहवाल. मी अर्धंच वाक्य बोलले असेन. तो उठला. त्याचे नमुने ट्रेसकट बाजूला ठेवले आणि म्हणाला, "माझ्याकडे शुद्ध स्टेरॉइडची बाटली आहे फ्रिजमध्ये. किती आहे ते मोजायला लागेल ना? आणतो."

हेडबाईंनी स्वतः नळी बदलली आणि यंत्र धुवायला घेतलं. धुतलं, कोरा नमुना घातला. सुळका होता, पिटुकला. पुन्हा धुतलं. पुन्हा कोरा. अजून एक बारीक उंचवटा. मी म्हटलं, "मॅडम, आता चालेल, तिकडे आई..." त्या म्हणाल्या, "चालणार नाही. आई आहे म्हणूनच चालणार नाही." तिसऱ्यांदा धुतलं. या वेळी पडदा सपाट, एक रेघ. तशी रेघ मी इतक्या प्रेमाने कधी बघितली नव्हती.

मग पुडी. न उघडलेली दुसरी, ताजा अर्क केलेला.

सुळका आला, ताई. त्याच जागी. दूधवाल्याच्या शुद्ध द्रावणाशी ताडून बघितला, यंत्रात रेणूचे तुकडे पाडून तेही ताडले, सगळं जुळलं. डॉक्टर थोड्या दिवसांसाठी, जपून, जेवढी गोळी देतात तेवढं आई रोज घेत होती. वर्षभर.

म्हणजे मी बरोबर होते. आणि बरोबर असूनही तिला मीच खाटेवर पाडलं. आकडा डॉक्टरांना फोनवर सांगताना माझा आवाज फुटला, आणि ते "पुन्हा सांगा, नीट ऐकू आलं नाही" म्हणत राहिले.

सरांना कळलंय. त्यांचं नाव रजिस्टरवर आलं म्हणून ते चिडलेत. येत्या आठवड्यात मला त्यांच्यासमोर उभं राहायचंय. राहीन.

आई शुद्धीवर आहे, पाणी पितेय, हे तू संध्याकाळी सांगितलंस. ती माझ्याशी बोलणार नाही म्हणते, तेही सांगितलंस. एका घरात एका वेळी एकच अबोला चालतो बहुतेक. तुझा संपला तर तिचा सुरू.

धाकटी


१५ मार्च

ताई,

आज केंद्राच्या फाटकावरून पहारेकऱ्याचा फोन आला: "तुमचे मामा आलेत." मी म्हटलं, मला मामा नाहीत. मग डोक्यात प्रकाश पडला आणि मी जिने दोन-दोन करत वर गेले.

खरं सांगते, भांडायला गेले. एवढ्या दिवसांची सगळी वाक्यं तयार होती. मामा बाकावर बसले होते, मांडीवर पत्र्याचा डबा. मी समोर उभी राहिले, त्यांनी मान वर केली, आणि भांडायचं राहूनच गेलं. त्यांचा चेहरा, ताई. गोल, तांबूस, फुगलेला. हातांवर जांभळे डाग. त्या दिवशी जेवताना मी समोरच बसले होते. मला भोंदू दिसला, हे काही दिसलं नाही.

"तुम्हीही घेता?" मी विचारलं.

"पाठीसाठी. तीन वर्षं झाली. दिवसातून दोनदा," म्हणाले. "मी कालवलं असतं तर मी खाल्लं असतं का, पोरी?"

मग तुला माहीत असलेलंच त्यांनी मला सांगितलं. पूर्वी सगळं स्वतः कुटायचे. पाठ गेल्यापासून कुटवत नाही, म्हणून एका घाऊक व्यापाऱ्याकडून तयार चूर्ण आणतात आणि आपलं निम्मं त्यात मिसळतात. "तो म्हणाला, याने लवकर गुण येतो. आला की. मला वाटलं, माझ्याच हाताला यश आलं."

त्यांना ते बघायचं होतं. हेडबाई म्हणाल्या, नोंद नसलेल्या माणसाला आत येता येत नाही. मामा वळले. तेव्हा बाईंनी जरा थांबून बुटांवर चढवायची प्लास्टिकची पिशवी पुढे केली. त्यांना वाकता येईना, म्हणून मी ती चढवली. पाया पडेन म्हणाले होते एकदा, ते असं झालं.

डब्यात दोन पुरचुंड्या होत्या, व्यापाऱ्याची आणि त्यांची स्वतःची. आज स्लॉट माझाच होता. व्यापाऱ्याच्या चूर्णात तोच डोंगर. त्यांच्या स्वतःच्या मुळांत काही नाही, साधी वनस्पती. मग मिसळलेल्या पुडीचा पडदा लावला.

"हा मोठा तो?"

"हो."

"आणि माझी मुळं?"

मी बोटाने दाखवली. खाली, रेघेला लागून, गवतासारखी.

त्यांनी पडद्याजवळ तोंड नेलं. "एवढीशी?" म्हणाले.

मला राग हवा होता गं. वर्षभर मनात एक माणूस धरून बसले होते, त्याच्यावर काढायला. तो म्हातारा माझ्या शेजारी चष्मा पुसत बसला होता. व्यापाऱ्यावर काढावा म्हणून दुपारी औषध खात्याच्या कार्यालयात गेले, तर तिथला कारकून म्हणाला, विद्यार्थिनीचा अहवाल ग्राह्य नाही, आमचा माणूस नमुना घेईल, आमच्या प्रयोगशाळेत जाईल, तिथेही रांग आहे. मी विचारलं, "तोवर?" तो म्हणाला, "तोवर अर्ज ठेवून जा." ठेवला. हेडबाईंनी स्वतःच्या सहीचं पत्र त्याला जोडलं, पण त्या पत्राला उत्तर यायला पावसाळा उजाडेल.

मामांना म्हटलं, "तुम्ही आज लगेच बंद करायचं नाही." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. त्यांना आरोग्य केंद्रात नेलं, डॉक्टरांनी गोळ्यांचा उतरता क्रम लावून दिला. परतताना ते पायरीवर बसले आणि पुडी कुणाकुणाला दिलीय ते बोटांवर मोजायला लागले. कोपऱ्यावरचा शिंपी. त्याची बायको. शाळेच्या निवृत्त बाई. बसस्थानकामागच्या दोघी बहिणी. बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून धरली. म्हणाले, "तुझी आई पडली ही बातमी गावात फिरलीय. घाबरून कुणी डबा फेकला तर?"

"मग सांगायला हवं सगळ्यांना. घरोघर."

"मीच दिलं, मीच आता नको म्हणणार, आणि एकदम सोडूही नका म्हणणार. म्हणतील, म्हातारा चळला."

संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी हे बोलले, आणि तू म्हणालीस, "मी जाते त्यांच्याबरोबर." भाऊजी काय म्हणतील असं विचारलं तर म्हणालीस, "त्यांचेच मामा आहेत. गाडी तेच चालवतील." मला किती हसू आलं.

मग तू आईचा निरोप सांगितलास. तो मी तेव्हापासून घोकतेय. "तिला सांग, मी मरत नव्हते, चालत होते."

ती खरंच चालत होती. पिशवी घेऊन बाजारात जात होती, आता पुन्हा तुझ्या खांद्यावर आलीय. हाडांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं, गुडघ्यांचं काही करता येईल का, ते मला सविस्तर कळव. पण हे ती ऐकणार नाही आणि मी तिला पटवायलाही जाणार नाही. एकदा पटवायला गेले त्याचं काय झालं ते बघितलं.

शनिवारी सरांपुढे उभी राहिले. खोटं कारण दिलं म्हणून आजचा स्लॉट झाला की पुढे सहा महिने उपकरण केंद्राचा वापर बंद, असं ठरलं. हेडबाई म्हणाल्या, नियम नियमच. त्याला विरोध केला नाही मी, केला असता तरी ऐकलं नसतं.

रविवारी पहिल्या बसने येतेय. बसस्थानकामागची घरं मी घेते. मामांना उन्हात जास्त चालवू नका, त्यांच्याबरोबर तू पेठेतली घरं घे. दुपारी घरी येईन आणि आईच्या खोलीत बसेन. ती भिंतीकडे तोंड करेल, करू दे. ओरडली तर फारच बरं. ओरडायला अंगात दम लागतो.

तुझी
धाकटी